हॉलची फी आणि सिद्धोधनचा वाटा

४ फेब्रुवारी
झरीच्या दत्तरावांच्या मंगल कार्यालयाच्या नकाशांचं काम मिळालं. संकल्प: या वेळी फी बांधकाम खर्चाच्या चार टक्के, एक पैसाही कमी नाही. बुद्धी विकायची तर ताठ मानेनं. पंधराला इंजिनिअर मंडळींपुढे भाषणही आहे, विषय 'फीची न्याय्य वाटणी'. स्ट्रक्चरचं, म्हणजे खांब-स्लॅबच्या हिशेबाचं काम नेहमीप्रमाणे इंजिनिअर सिद्धोधनकडे. त्याला वाटा विचारला की म्हणतो, तू देशील ते दे. वीस वर्षांची मैत्री. अशा माणसाशी हिशेब कसला.

८ फेब्रुवारी
दत्तराव म्हणाले, साहेब, चार टक्के लय होतेत, कागदच तर हायेत. मी अर्धा तास बोललो. त्यांनी मन लावून ऐकलं. तीन टक्क्यांवर आलो. तत्त्व सोडलेलं नाही. तो टक्का सिद्धोधनच्या वाट्यातून जाईल. चारांतला दीड टक्का मी त्याला देतो, त्यातून एक गेला तरी अर्धा उरतोच. हॉलमध्ये एकही खांब नको, ही अटही मान्य केली. ते सिद्धोधन बघेल.

११ फेब्रुवारी
सिद्धोधनला सांगितलं. म्हणाला, खांब काढलास, वाटाही काढलास, आता स्लॅब तुझ्या भाषणावर ठेवू का? मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, फी ठरवताना बोलवत जा रे, तू वाटतानाच बोलावतोस. दमला असेल. चहा तसाच ठेवून गेला.

१५ फेब्रुवारी, रविवार
भाषण गाजलं. कन्सल्टंट इंजिनिअरच्या तोंडचा घास काढणारा आर्किटेक्ट हा आपल्याच इमारतीचा शत्रू, असं म्हणालो तेव्हा टाळ्या थांबेनात. सिद्धोधन शेवटच्या रांगेत होता. टाळ्या वाजवताना दिसला नाही. इतक्या लांबचं मला नीट दिसतही नाही म्हणा.

२० फेब्रुवारी
भाषणानंतर तो संध्याकाळच्या चहाला आलेला नाही. टपरीवाला सवयीनं दोन कप पाठवतो. निश्चय: फोन मी करणार नाही.
दुपारी केला. उचलला नाही. पिंगळीला साइटवर असेल, तिथं रेंज नसते.

३ मार्च
दत्तराव बाजारात भेटले. खांबाशिवाय हॉल उभा राहतो का, हे विचारायला ते सिद्धोधनकडे गेले होते. काम आता त्याच्याकडेच. नकाशे नांदेडच्या आर्किटेक्ट प्रियांका मॅडम करणार. म्हणाले, साहेब, तुमी बोलता लय झ्याक. पण त्यायनी दोघायची फी निरनिराळी लिहून दाखवली, आमाला कळली. मी त्यांना वाटणीतला न्याय समजावणार होतो. त्यांना घाई होती.

७ मार्च
सिद्धोधनचा फोन. आवाज नेहमीचाच. म्हणाला, प्लॅन मॅडमचा आहे, पण दत्तरावांना दर्शनी बाजू तुझ्याच हातची पाहिजे, करशील का? हो म्हणालो. फी किती, त्यानं विचारलं.
माझ्या तोंडून निघून गेलं, तू देशील ते दे.
तो म्हणाला, न्हाई, आकडा तू सांग, मी थांबतो.
तो थांबला होता. मला आकडा सांगता येईना. समोर टपरीवरचे दोन कप होते. दोन्ही गार झाले.