बैलजोडीचा मालक चंडोळ

दमास्कस,
३ मार्च १९८०

ती. नाफिसेतताईस,
तेम्बोतचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, इथल्या जुन्या दफ्तरांच्या कचेरीतल्या एका खुर्चीविरुद्ध मला तुझ्या दरबारी फिर्याद दाखल करायची आहे. तिचा एक पाय बोटभर आखूड आहे. त्यामुळे ओळ संपत आली की माझं डोकं शेजारच्या सद्गृहस्थांच्या खांद्यावर जातं. सहा दिवस आम्ही दोघं नव्यानं प्रेमात पडल्यासारखे बसतो आहोत आणि अजून एकमेकांचं नावही विचारलेलं नाही.

नावांवरून आठवलं. ऐन-तूतची पहिली जमीननोंद सापडली. आपले चेर्केस लोक कॉकेशसमधून येऊन बसले त्याच्या दुसऱ्या वर्षीची आहे, एक्केचाळीस घरं. तुझ्या शताब्दी मंडळाच्या काझबेकचा आजा त्यात दोनदा आहे. माणूस एकदाच जन्मला, जमीन मात्र दोनदा घेतली. पण ताई, आपला आजोबा नाही. प्शिमाफ हे नाव मी पुढून वाचलं, मागून वाचलं. नाही म्हणजे नाही.

एक गंमत मात्र आहे. सत्ताविसावी नोंद अशी: ‘चंडोळ. एक बैलजोडी, दोन चाकांची गाडी, खालच्या झऱ्यापाशी साठ दुनम जमीन.’ तुर्कांच्या कारकुनानं चक्क एका पाखराला शेतकरी केलंय! दुपारी त्या वहीवर ऊन येतं, शाई तांबूस होते आणि मला पेंग येते. पेंगेत तो पक्षी नांगर धरून चालताना दिसतो, मागून आपल्या गाड्यांची चाकं कुरकुरत येतात.

तेव्हा गावाच्या शताब्दीच्या दगडावर आजोबाचं नाव येणं कठीण दिसतं. रागावू नकोस. लोभ शिल्लक असेल तर धुरावलेल्या चीजबरोबर पाठव.

तुझा,
तेम्बोत

ऐन-तूत,
१४ मार्च १९८०

चि. तेम्बोत यास,
अनेक आशीर्वाद.

छप्पन्न वर्षांचा घोडा झालास, पण अक्कल अजून वाटेवरच आहे. खुर्चीवर पानभर लिहितोस आणि आजोबाला एका ओळीत बुडवतोस?

शताब्दीचा दगड या महिन्याअखेर कोरायला घेणार. काझबेक काल दारात उभं राहून सांगून गेला, की नोंदीत असेल तेच नाव कोरलं जाईल, नाफिसेत, उगाच हट्ट नको, सगळ्या गावाला ठाऊक आहे तुमचा म्हातारा बैल घेऊन कुठे गेला ते. मी विचारलं, कुठे गेला? तर हसला. पळपुट्याची नात हे मी शाळेपासून ऐकतेय. तू शहरात निघून गेलास, तुला कोण म्हणणार? मला याच विहिरीवर पाणी भरायचं होतं. हे नाव आता नाही आलं तर पुढची शंभर वर्षं तो पळपुटाच राहील.

आता कान उघडे ठेवून वाच. चंडोळ ही गंमत नाही. आपल्यातली कुठली बाई नवऱ्याचं नाव घेते? सासरी आली की घरातल्या एकेकाला आपल्या मनानं नाव ठेवायचं आणि मरेपर्यंत तेच चालवायचं. आजोबा पहाटे नांगरामागे गायचा म्हणे. आजी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मला रोज म्हणायची, जा गं, चंडोळ शेतावरून आला का बघ. मी अंगणात जाऊन आभाळात बघायची आणि आत येऊन सांगायची, नाही आला.

कारकून आला तेव्हा आजोबा शेतात असणार. दाराआडून आजी बोलली, त्यानं लिहून घेतलं. शोध पुढे.

चीज पाठवलंय. शेजारच्या सद्गृहस्थांना थोडं दे, खांदा त्यांचा आहे.

तुझी ताई

दमास्कस,
२७ मार्च १९८०

ती. ताईस,
सा. न.

आज थट्टा सुचत नाही.

चंडोळाची नोंद पुढच्या वह्यांत शोधली. चौथ्या वर्षी तिथं ‘गैरहजर, जमीन बायको कसते’ एवढंच आहे. मग मी बेवारस मालाची बाडं मागवली. तिथं दोन पत्रं एकत्र शिवलेली निघाली.

पहिलं हौरान प्रांताच्या वाटेवरच्या तल्-शीहच्या मुक्कामावरून आलेलं. ‘ऐन-तूतचा चेर्केस, नाव प्शिमाफ, तापानं वारला. मागे बैलजोडी, गाडी आणि गव्हाच्या बियाण्याची सात पोती. गावाकडे परतत होता. वारस कळवावेत.’ खाली जिल्ह्याच्या कारकुनाचं उत्तर. गावात माणूस पाठवायचे कष्ट न घेता, वही उघडून दिलेलं: ‘या नावाचा इसम ऐन-तूतमध्ये नाही.’

ताई, माणूस एका वहीत चंडोळ होता आणि दुसरीत प्शिमाफ. दोन्ही कारकून आपापल्या जागी बरोबर होते. बैल सरकारजमा झाले आणि आजी एकोणपन्नास वर्षं वाट बघत राहिली. लोक विचारायचे, प्शिमाफ कुठे गेला? तिनं ते नाव उच्चारायचं नाही, आणि कुठे गेला हे तर तिलाच ठाऊक नव्हतं. तिच्या गप्प बसण्याला गावानं पळून जाणं म्हटलं.

दोन्ही पत्रांच्या नकला शिक्क्यानिशी जोडल्या आहेत. हे पत्र बसवाल्या इब्राहिमच्या हाती देतो, टपालाच्या भरवशावर नको.

तुझा,
तेम्बोत

ऐन-तूत,
९ एप्रिल १९८०

चि. तेम्बोत यास,
पोटभर आशीर्वाद.

नकला घेऊन मी मंडळाच्या बैठकीत गेले. काझबेकनं दोनदा वाचल्या, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचल्या. मग म्हणाला, प्शिमाफच कोरू या, बहिणी. पहिल्यांदाच बहीण म्हणाला मेला. मी म्हटलं, छे, नियम तुझाच, नोंदीत असेल तेच कोरायचं. बायकोनं दिलेलं नाव आहे, ते बदलणारे आपण कोण? तो म्हणाला, अगं, लोक हसतील, दगडावर पाखरू! मी म्हटलं, शंभर वर्षं हसलेच आहेत, आता निदान वाचून हसतील.

सत्ताविसाव्या ओळीत चंडोळ आलाय. पाथरवट विचारत होता, पंख काढू का? त्याला हाकलला.

संध्याकाळी आजीच्या कबरीपाशी बसले. गहू गुडघाभर झालाय, वारा आला की सगळी टेकडी झोपेत कूस बदलल्यासारखी हलते. मी तिला सांगितलं, तो येत होता गं. बियाणं घेऊन येत होता. घरी कशी आले, आठवत नाही.

काझबेकनं चीज भरून तळलेल्या हलीवांची परात पाठवली. खाल्ले. चांगले होते, काय करणार.

तुझी ताई

दमास्कस,
४ मे १९८०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात एक ओळ मी गाळली होती, नकलेत तू वाचली असशील. तल्-शीहच्या कागदावर अगदी तळाशी लिहिलंय: ‘कफनाचं कापड गिरणीवाल्याच्या विधवेनं आपल्या पेटीतून दिलं. वारस आल्यास त्यानं तेवढं परत करावं.’

काल मी बाजारातून तेवढंच पांढरं कापड घेतलं आणि बसनं तल्-शीहला गेलो. गिरणी नाही, विधवेचं घर कुणाला ठाऊक नाही. कबरस्तान आहे, पण जुन्या कबरींवर नावं नाहीत. मशिदीत एक म्हातारे झाडत होते. त्यांच्या हाती कापड दिलं आणि म्हटलं, ज्याला लागेल त्याला द्या. त्यांनी विचारलं, कुणाच्या नावानं? मी म्हटलं, घेतलेलं होतं, परत आणलंय. त्यांनी कापड घडी करून कपाटात ठेवलं आणि पुन्हा झाडू लागले.

मी परतीच्या बसमध्ये बसलो.

तुझा,
तेम्बोत