अबोलीचं आजचं वाचन

अहो,

आईला पुन्हा धाप लागलीय. दादाचा फोन आला म्हणून मी पेणला निघालेय. अबोली शेजारी पाटीलकाकूंकडे आहे. वरण-भात केलाय, गरम करून घ्या.

आज तिचं वाचन तुम्हाला घ्यावं लागेल. परातीत रवा पसरून ठेवलाय. त्यात तिला बोटाने मोठं अक्षर काढू द्या, काढताना मोठ्याने म्हणू द्या. 'भ' आणि 'म'मध्ये अजून गोंधळते. अडली तर थांबा, ओरडू नका. ती आळशी नाही. डिस्लेक्सिया म्हणजे काय ते डॉक्टरीणबाई समजावत होत्या, तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

परवा खांदेश्वरच्या देवळाबाहेर तिने हातगाडीवरचं 'गरम वडा' आपणहून वाचलं. मला रस्त्यातच रडू आलं. मी म्हटलं, "बाबांना सांगू या?" तर म्हणाली, "नको. ते म्हणतील, दुसरीत आहेस, एवढं यायलाच पाहिजे." म्हणून मीही तुम्हाला बोलले नाही.

आज तिने एखादी ओळ वाचली तर हसा तिच्याकडे बघून. एकटीनेच आनंद करून मी दमलेय.

वृंदा