शकुनची तपासणी

सोमवार, ६ जानेवारी १९३६

शकुन येऊन गेली. हातात वही, पायात चपला – लेक नाही, साहेबीण! अमरावतीच्या अनाथ मंडळानं तिले घरं तपासायच्या कामावर ठेवली. ज्या घरी पोर सांभाळायले दिली, तिथं जाऊन पाहायचं – ठेवायची का परत न्यायची. परक्या घरात वाढलेल्यालेच ते दिसते म्हणे. म्हणून अशाच दोघी-तिघी ठेवल्या.

अन् आली कोणाकडे? माझ्याकडे! मानमोडीच्या साथीत तिचे मायबाप गेले, तवा मीच पाच वर्षांची शकुन घरी आणली. बारा वर्षं राहिली. शाळेत शिकली ती अक्षरं मलेबी शिकवली. नाही तर मी कशाची लिहिते.

दसऱ्यापासून मंडळाची जमुना माझ्याकडे आहे. सात वर्षांची. मेथी निवडते, बडबड नाही. तिच्यासाठीच तपासणी. मी मुद्दाम नवी वाकळ काढून ठेवली होती. वाया गेली. शकुननं अंथरूण नाही पाहिलं, धान्य नाही पाहिलं. नुसती म्हणाली, “जमुना, मले गूळ-पाणी आण बरं.”

जमुनानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तवा उठली. शकुननं वहीत काही तरी लिहिलं. जाताना म्हणे, “पंधरा दिवसांनी येते, मावशी. मग ठरवू.”

ठरवायचं काय त्यात? पोरगी न विचारता कशाले हात लावत नाही. शकुनबी अशीच होती. बारा वर्षांत गुळाचा खडा उचलला नाही. साऱ्या मळेवाल्यांत सांगत फिरली मी.

बुधवार, ८ जानेवारी

काय लिहिलं असन वहीत?

गुरुवार, ९ जानेवारी

माझा गोवर्धन अकोल्याच्या बाजारात वांगी देऊन आला. त्याले विचारलं – लहानपणी तू गूळ विचारून खात होता का? हसला. तू मडकं लपवायची अन् मी शोधायचो म्हणे. शकुनलेबी जागा दाखवली होती त्यानं. तिनं घेतला नाही. त्याले म्हणाली होती – “तुले मारतीन. मले हाकलतीन.”

अन् मी त्याले गुण समजली.

शुक्रवार, १० जानेवारी

संक्रांतीसाठी गुळाची नवी भेली आणली, मडक्यात घातली. मडकं खालच्या फळीवर, उघडं ठेवलं अन् मळ्यात गेली. घटकाभरानं आली तर जमुना दारात उभी. “आजी, गुळाले मुंगळे लागले. झाकू का?”

असा राग आला! कोणाचा, ते नाही समजलं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

जमुनाच्या हातून मडकं फुटलं. मी आली तवा खापरं एका बाजूले गोळा केली होती. दुसऱ्या बाजूले तिचं गाठोडं. दोन परकर अन् फणी, बांधून तयार. रडत नव्हती. वाट पाहून राहिली होती.

गोवर्धनले घालते त्या साऱ्या शिव्या घातल्या. एक कमी नाही. मग गाठोडं सोडलं, परकर खुंटीले अडकवले. म्हटलं, “खापरं टाकून ये. उद्या कुंभाराकडे जाऊ. मडकं तू पसंत कर.”

“मी?” म्हणे.

“फोडलं कोणं?”

बुधवार, १५ जानेवारी

मडकं आणलं. वाकडंच पसंत केलं तिनं.

सोमवार, २० जानेवारी

शकुन आली. मी सारं सांगितलं – मुंगळे, मडकं, गाठोडं. लपवलं काही नाही. ठेवायची नसन तर आताच सांग म्हटलं. मग विचारलं, “तुलेबी भेव वाटे का इथं?”

वहीत पाहत म्हणाली, “वाटे.”

मी घागर घेऊन विहिरीवर गेली. लवकर आली नाही. परतली तवा वही मिटलेली. “राहू द्या जमुनाले. मी तसं लिहिते,” म्हणे. पदरानं तोंड पुसलं अन् गाडी गाठायले निघाली.

मंगळवार, २१ जानेवारी

भेलीचा अर्धा कोपरा गायब. जमुनाले विचारलं. घाबरली नाही.

“मी एकच खडा घेतला, आजी. बाकीचा शकुनताईनं.”