पुसून टाकलेला श्वास

ती. आईस,
लेकीचा वाकून नमस्कार.

पुस्तकावर माझं नाव कधी छापून येणार, असं तू विचारलंस. तू गल्लीभर सांगून ठेवलंयस, हे दादाने कळवलं.

मी वेळेवर जेवते. खोली लहान आहे, पण खिडकी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या सरांनी आणि मी लिहिलेल्या पुस्तकात दोन भाषांची तुलना आहे. मेक्सिकोतल्या नाहुआत्लमध्ये तुकड्याला तुकडा जोडून अख्खं वाक्य एका शब्दात मावतं. दक्षिण सुदानमधल्या दिंकातले शब्द बहुतेक एकाच अक्षराचे. पण तोच स्वर श्वास सोडत म्हटला, की शब्दच वेगळा होतो. तुझ्या 'बरं'मधला राग आम्हाला कळतो, तरी ते 'बरं'च राहतं. तिथे तसं नाही.

सरांनी ध्वनिमुद्रण स्वच्छ करताना तो श्वास खरखर समजून पुसला. मग वेगवेगळे शब्द सारखेच ऐकू येऊ लागले, आणि सरांनी लिहिलं, 'दिंकाचा शब्दसंग्रह तोकडा.' ज्या दिंकाभाषक आजींचा तो आवाज, त्यांना मी ते पुसलेलं ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्या म्हणाल्या, "आवाज माझाच गं, पण असलं मी बोललेच नाही."

सरांना सांगितलं, तर हसले. "अगं, वाचणार कोण आहे? नाव येतंय ना तुझं? मग गप्प बस की!"

घरातली पहिली पदवीधर मी, ती गप्प बसायला का?

तू चिडशील, ठाऊक आहे. काल छापखान्यात जाऊन मी माझं नाव काढायला लावलं.

तुझी,
हट्टी लेक