आधी दगड की आधी लाठी

आबा,

एकाच लढ्याच्या दोन बाजूंच्या हकिकती शेजारी ठेवून वाचणाऱ्याला एक कोडे हमखास पडते. दोघेही खरे बोलत असतात, घटनाही बहुतेक त्याच असतात, तरी प्रत्येकाच्या मते सुरुवात दुसऱ्यानेच केलेली असते. गोऱ्या सरकारच्या दप्तरात आधी दगड येतो, आपल्या पुस्तकांत आधी लाठी. इतकी वर्षे इतिहास शिकवताना हे कोडे मी मोठ्या हौसेने उलगडून दाखवत आले. त्याची रीत तुमच्याकडून घेतली, हे मात्र तुम्हाला सांगायचे राहिले.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली ते साल. मी देवपूरच्या शाळेत नवी शिक्षिका. आमच्या मुख्याध्यापकांनी बेचाळीसच्या मोर्चात धुळ्याच्या चौकात लाठी खाल्लेली. त्याच चौकात, इंग्रजांच्या पोलिसांत, तुम्ही उभे होता. तुमच्या भुवईवरचा व्रण तिथल्याच दगडाचा. शाळेच्या समारंभात त्या दिवसाची हकिकत मी सांगायची होती. आदल्या दिवशी ती मी स्वयंपाकघरात तुम्हाला वाचून दाखवली. तुमचा घास हातातच राहिला. "बठ्ठं खरं शे. पन सुरुवात खोटी शे." मग हळूच म्हणालात, "मी त्या मांडवमा कोठे बसू?"

संध्याकाळी मी मुख्याध्यापकांनाच घरी घेऊन आले. आईने दोघांना भाकरी आणि भरीत वाढले, आणि तुम्ही सरळ विषयाला हात घातलात. "मास्तर, खबर जठे सुरू व्हस, तठेच गुन्हा सुरू व्हस. ठाणामा लिखेल आमनी खबर दगडनी व्हती."

"मग आमची खबर घ्यायला त्या दिवशी कोण होतं, आबा?"

तुम्ही ताट बाजूला सारलेत. "आज मी घेस. बोला, कोठे व्हतात तुम्ही?"

आणि तुम्ही खरोखर जबानी घेतलीत, ठाण्यात घ्यावी तशी, मध्ये न तोडता. ते सांगत आहेत: मोर्चा चौकात येण्याआधी, पांझरेच्या काठी, एका मुलीच्या हातातला झेंडा पोलिसांनी हिसकावला, ती पडली, तिला उचलायला धावलेल्या भावाला लाठी बसली, मग पुढे चौकात दगड. तुमची मान खाली जाते. "हाई माले माहीत नव्हतं. माले तं लॉरीमाईन थेट चौकमा उतारं. मना दिवस दगडपाईन सुरू झाया."

मुख्याध्यापक हसले. "तुमचा व्रण कपाळावर, मिरवता तरी येतो. माझा कुठे आहे, ते तुमच्या लेकीसमोर सांगवत नाही." आईने तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी मी हकिकत नदीकाठापासून सांगितली, आणि मग पुन्हा एकदा लॉरीपासून. तुम्ही मुख्याध्यापकांच्या शेजारी बसला होता. दोन्ही बाजू सारख्याच न्याय्य होत्या असे मी तेव्हा म्हटले नाही, आजही म्हणत नाही. ते राज्य जायलाच हवे होते. पण समोरच्याचा दिवस कुठून सुरू झाला हे विचारल्याशिवाय माणसाचा निकाल लावू नये, हे मी ठामपणे शिकवते.

त्यासाठी मुलांना एक साधी परीक्षा देते. घरातले कुठलेही जुने भांडण घ्या, दोघांना ते वेगवेगळे सांगायला लावा आणि पहिल्या वाक्यात कृती कुणाची आहे तेवढे पाहा. मग दोघांनाही विचारा, त्याच्या आधी काय झाले होते? हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. ही परीक्षा मी स्वतःवरही करून पाहते, आबा. तो दिवस मनातल्या मनात सांगू लागले, की माझे पहिले वाक्य अजूनही तुमच्याकडे येणाऱ्या दगडाचेच असते.