तीस दिवस वापरून पाहा

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई रोज मला एकच प्रश्न विचारते आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. हे कानातलं यंत्र थोरल्याला केवढ्याला पडलं? पहिल्या दिवशी मी म्हटलं, दादालाच माहीत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, भेटीची किंमत विचारू नये. आज पुन्हा विचारलं तेव्हा मी नळ सोडला आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. एवढे दिवस घरात न ऐकणारी ती होती, आता मी झाले.

तू पाठवलेली जाहिरात घेऊन एक तारखेला दुकानात गेलो. कानाची तपासणी खरंच फुकट झाली. यंत्र तीस दिवस वापरा, पसंत न पडल्यास परत द्या, एक पैसाही नाही. मी दाखवलं तिथे आईने सही केली. कागद वाचला नाही. मुलं शिकलेली आहेत, तिला वाचायची काय गरज?

खोक्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं ती पुठ्ठा कापायच्या मशीनवर उभी होती. आपली शिक्षणं झाली आणि तिचे कान गेले. आता आपल्याच चपलांचा आवाज ऐकून ती मागे वळून बघते, कोण येतंय म्हणून. शेजारच्या शिंपीणबाईकडे जाऊन कात्रीचा आवाज ऐकत बसते आणि तिला सांगते, माझ्या मुलाने घेऊन दिलं.

मी दिवसभर कचेरीच्या खिडकीवर बसून लोकांचे सवलतींचे अर्ज भरते. फुकट मिळणारी सेवा घेण्यात लाज नाही, तो हक्क आहे, असं प्रत्येकाला सांगते आणि मनापासून मानते. पण एकोणतिसाव्या दिवशी परत द्यायचं, मग दुसऱ्या दुकानातून आणायचं, मग तिसऱ्या, हा तुझा बेत गळ्याखाली उतरत नाही. निदान तिला खरं सांगूया का?

वहिनीला नमस्कार. लोभाला मात्र मुदत घालू नकोस.

तुझी,
बारकी

---

९ जून

चि. बारकीस,
अ. आ.

पाकिटावर ऑफिसचा शिक्का पाहून नाक मुरडू नकोस. टपालखर्च वाचतो, तेवढ्याने ऑफिस काय बुडणार आहे?

इकडे सगळं ठीक. पाणी गाळायचं यंत्र महिनाभर फुकट वापरायला आणलंय, ही चौथी कंपनी. तुझी वहिनी केस कापायला आता शिकाऊ मुलींच्या वर्गात जाते. एक बाजू जरा आखूड झाली आहे, पण फुकट कापलेल्या केसांना नावं ठेवू नयेत, असं मी तिला समजावलं. ती दोन दिवस बोलली नाही, तीही बचतच.

आता तुझं. घरातली पहिली पदवीधर तू, आणि पदवीचा पहिला उपयोग काय, तर भावाला नीती शिकवणं! आईला काही सांगायचं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, ती थेट दुकानदारापाशी जाऊन बोलून टाकेल. मुदत भरली की यंत्र दुरुस्तीला गेलं म्हण. दुसऱ्या दुकानातलं आणलंस की दुरुस्त होऊन आलं म्हण. तीन दुकानं म्हणजे तीन महिने झाले. आठ वर्षं तिने न ऐकता काढली, मध्ये चार दिवस गेले तर काय बिघडलं? यंत्राला ओरखडा पडू देऊ नकोस म्हणजे झालं.

माझी फुकटची मिनिटं वीस तारखेला संपतात, त्याआधी फोन करतो.

लोभ वाढवायला खर्च येत नाही, तेव्हा वाढवावा.

तुझा,
दादा

---

२१ जून

चि. थोरल्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

लिहायची सवय सुटली आहे, अक्षर सांभाळून घे. यंत्र मी काल दुकानात परत देऊन आले. तुमचे उरलेले नऊ दिवस वाया गेले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

परवा तुझा फोन आला तेव्हा बारकी भांडी घासत होती. हात ओले, म्हणून तिने आवाज मोठा करून फोन खिडकीत ठेवला. मी तिच्या मागेच स्टुलावर वाटाणे सोलत होते. आठ वर्षं तुम्ही माझ्यादेखत असंच बोलत आलात, त्यामुळे कुणाला आवाज कमी करायचं सुचलं नाही. दुकानं ठरली, तारखा ठरल्या. मग तू म्हणालास, "या वयात तिला ऐकण्यासारखं उरलंय काय?" बारकी हसली. म्हणाली, "तिला काय, सवय आहे."

तुझा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला. जाड झालाय, तुझ्या वडिलांसारखा. आधी मला त्याचाच आनंद झाला. शब्द मागाहून कळले.

दुकानदाराने विचारलं, परत का देता, नीट ऐकू येत नाही का? मी म्हटलं, फार चांगलं येतं, यंत्राचा काही दोष नाही. भला माणूस आहे, त्याने पुढे विचारलं नाही. शिंपीणबाईला सांगितलं की कान दुखायला लागला. तुझं नाव खाली जाऊ दिलेलं नाही.

सूनबाईला आशीर्वाद. जेवणखाण वेळेवर करत जा. माझा लोभ आहेच, तो काही मला परत करता येत नाही.

तुझी,
आई

---

२७ जून

चि. बारकीस,
अ. आ.

आईचं पत्र आलं. फोन खिडकीत ठेवायचं शहाणपण कुणाचं?

असो. महिनाभर थांब, मग दुसऱ्या दुकानात जा. आईचं मन वळलं नाही तर मावशीच्या नावावर घे. आईची समजूत तूच काढ. मी यायचं म्हणजे गाडीभाडं पडतं, आणि या महिन्यातली मिनिटंही संपली.

राग येऊ दे, जाऊ दे, पण लोभ जपून ठेव.

तुझा,
दादा

---

१९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी दुकानात जाऊन तेच यंत्र हप्त्यांवर विकत घेतलं. आईने किंमत विचारली. या वेळी मी खरी सांगितली. तिने मान हलवली आणि यंत्र कानात घातलं. मला वाटलं, सुटले.

पण ती माझ्याशी बोलताना ते काढून ठेवते. मी काही म्हटलं की हसून कानाकडे बोट दाखवते आणि कागदावर लिहून दे म्हणते. आधी मला वाटलं, यंत्रच बिघडलं. दुकानदाराने तपासून दिलं, ते उत्तम होतं. मग एके दिवशी मी दुपारीच घरी आले. दार उघडं होतं. आई शिंपीणबाईशी गप्पा मारत होती, कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या झंपरवरून दोघी पोट धरून हसत होत्या. मला पाहिलं आणि बोलता बोलता तिचा हात कानाकडे गेला.

त्या संध्याकाळी मी कागदावर लिहिलं, माफ कर. तिने वाचलं. म्हणाली, "माफ केव्हाच केलं. पण तुम्ही काय बोलाल, याची भीती वाटते."

दादा, ते वाक्य तुझं होतं, पण हसले मी होते. तू लांब आहेस, तुझ्यापासून ती तशीही सुरक्षित आहे. मी रोज संध्याकाळी सहाला घरी येत होते आणि सहाला आईचं ऐकणं बंद होत होतं. रविवारी तर दिवसभर. दुसऱ्यांना त्यांचा हक्क मिळवून देणारी मी, आईचा हक्क तिच्या घरात माझ्यामुळे अडला होता.

हे मी तुला विचारत नाही, कळवते आहे. हप्ते मी भरत राहीन. शिंपीणबाईने आईकडे लक्ष ठेवायचं कबूल केलं आहे. तू आईला पत्र लिहीत जा, फोन करू नकोस. माझ्यावर लोभ असलाच तर तोही कागदावरच कळव. कामाजवळ मी एक खोली भाड्याने घेतली, पत्ता पाठीमागे लिहिला आहे. गेल्या रविवारी पेटी आणि पुस्तकं हलवली. आई यंत्र घालून शिंपीणबाईकडे बसली होती, म्हणून जिना उतरताना तिला हाक मारली नाही.

तुझी,
बारकी