देव्हाऱ्यातली बाटली

पंचवटी, नाशिक
धोंड्याचा महिना, गुरुवार दुपार

प्रिय चिमणे,

दाजींचा खोकला बसला का? त्यांना म्हणावं, चाळीत कांदा भरताना तोंडाला उपरणं बांधत जा, मेहुण्याचा हुकूम आहे. उज्वलाची कंबर कशी आहे? घरात सून एक आणि कामं अकरा, कंबर तरी काय करील? नातीला, पूजाला, चष्मा लागला म्हणे. लागू दे, वाचणाऱ्याच्याच नाकावर तो बसतो. तुझ्या त्या मारक्या म्हशीचीही खुशाली कळव. तुझं मात्र शेवटी विचारणार आहे.

मी बरा आहे. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. कठड्यावर त्या नोनी फळाच्या रसाची बाटली असते. ऊन तिच्यातून आरपार आलं की माझ्या धोतरावर जांभळा डाग पडतो आणि सूर्य कलेल तसा हळूहळू सरकत जातो. बाटलीच्या कागदावर एक बेट आहे, निळं पाणी, माडाची झाडं. बघता बघता पापण्या जड होतात आणि मी त्या बेटावर जाऊन पोचतो. परवा तिथे तू होतीस. आठ-नऊ वर्षांची, परकर खोचलेला, फळं वेचत होतीस. मी हाका मारत होतो, पण तू वळेना. अनवाणी तशीच पाण्यात चालत गेलीस. दचकून जागा झालो, तर डाग धोतरावरून भिंतीवर गेलेला.

तुला आठवतं? किराण्याच्या पुड्या सोडून मी त्या कागदांवर अक्षरं शिकलो, आणि मग तुला शिकवली. तुरडाळीच्या पुडीवर कुठल्याशा केसांच्या तेलाची जाहिरात होती. टकलावर महिन्यात केस, असं काहीतरी. तू बोट ठेवून वाचलंस आणि विचारलंस, दादा, छापलंय म्हणजे खरंच असेल ना? शिकवणाऱ्याचा तोरा होता मला. म्हणालो, मग काय, खोटं कोण छापील? त्या एका उत्तराने सगळा घात केला बघ.

हा रस आमच्या प्रतिभाने आणला. तिने त्याची एजन्सी घेतली होती. सुनेचा हेतू वाईट नव्हता गं, तिचा स्वतःचाच विश्वास बसला होता. साखर, गुडघे, दमा, झोप, सगळ्यावर हे एकच फळ. मी तिला चिडवलंही, की एका फळात एवढं सगळं असेल तर देवाने बाकीची झाडं कशाला लावत बसावं? आपल्या बांधावरच्या जांभळाने एवढी बढाई कधी मारली नाही. पण दोन महिने रोज चमचाभर घेत राहिलो. वास आंबलेल्या गुळाचा, आणि माझा गुडघा खरंच हलका झाला. मग प्रतिभाने मला त्यांच्या सभेला नेलं. हॉल गच्च भरलेला. मला वर बोलावलं, आणि मी सगळ्यांसमोर मांडी घालून बसून दाखवलं. काय टाळ्या पडल्या, चिमणे! चौऱ्याहत्तर वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. त्याच नशेत घरी आलो आणि तुला ते चार पानी पत्र लिहिलं, की माझा गुडघा बरा झाला तशी तुझी साखरही याने बरी होईल. सोबत दोन बाटल्या पाठवल्या.

त्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, मीच गाळली. त्याच दोन महिन्यांत मी डॉक्टरांच्या गोळ्या घेत होतो, आणि व्यायाम शिकवणारी मुलगी रोज सकाळी येऊन माझा पाय वाकवून घेत होती. कोंबडं आरवतं तेव्हा सूर्य उगवतो, म्हणून उजेड काही कोंबड्याचा नसतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण टाळ्या पडत असताना तोंडातून निघालं नाही.

काल उज्वलाचा फोन आला. मागे जाऊन हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, मामा, आम्ही सांगून थकलो. आईंनी बाटली देव्हाऱ्यात ठेवलीये, तळहातावर तीर्थासारखा रस घेतात. महिनाभर एकभुक्त धरलंय. साखरेची गोळी अन्नाबरोबर लागते म्हणून बंद, रस फळाचा म्हणून उपासाला चालतो. टाचेला काटा लागला त्याला वीस दिवस झाले, जखम काळी पडत चाललीये. डॉक्टरांचं नाव काढलं की बाटलीखालचं पत्र दाखवतात. म्हणतात, दादाने लिहिलंय.

चिमणे, म्हणून हे लिहितोय. फोनवर तू हसून उडवशील, पण लिहिलेलं तू मानतेस. तर ऐक. दादाने लिहिलं होतं ते खोटं होतं. तुझ्या साखरेवर तो रस उपाय नाही. ते पत्र चुलीत घाल, आणि त्याच्या जागी हे ठेव. बाटली देवापासून उचलायला मन धजणार नाही, ठाऊक आहे मला. पाप लागलंच तर माझ्या नावावर घाल, उचल आणि मोरीत रिकामी कर. देव उपास मोडल्याने रागावत नाही, आणि रागावला तर मी बघतो त्याच्याकडे.

हे पत्र घेऊन प्रतिभाच येते आहे. एजन्सी तिने काल सोडली. तोंड दाखवायला लाजते आहे, तिला बोलू नकोस, चहा दे. आणि तिच्याबरोबर आजच्या आज दवाखान्यात जा. टाच दाखव. गोळ्या पुन्हा कशा घ्यायच्या ते डॉक्टरांनाच विचार, मला नको.

आता शेवटचं विचारतो. तुझी तब्येत कशी आहे? दवाखान्यातून आलीस की तुझ्याच हाताने दोन ओळी लिही आणि प्रतिभाकडे दे. मी गॅलरीत वाट बघतोय. कठड्यावरची बाटली मी हे लिहिता लिहिता काढली आहे, त्यामुळे आज दुपारी झोप लागणार नाही. उत्तर लवकर दे.

तुझाच,
रंगनाथदादा